पाला आणि हळद

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी तलाठी होते, आता मंडळ अधिकारी आहे. म्हणजे आधी दोन-तीन गावांची कटकट होती, आता डझनभर गावांची आहे. बदल्या होत होत सध्या जाफराबाद तालुक्यात येऊन पडले आहे. केस पिकले, चष्मा लागला, आणि तुमच्यासारखं मलाही आता जेवताना कुणी कामाचं बोललेलं खपत नाही. आज दुपारी डबा उघडायच्या बेतात होते, तेवढ्यात कोतवालाने तहसीलमधून आलेला लखोटा टेबलावर ठेवला. एका गावच्या सरपंच बाईंवर अविश्वास ठराव आला आहे, त्या सभेची नोटीस सगळ्या सदस्यांवर बजावायची आहे. असल्या नोटिशी मी कितीतरी बजावल्या. सही करायची, तलाठ्याकडे द्यायच्या, पोच घ्यायची, संपलं. पण या नोटिशीवरचं नाव वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. ती मुलगी आपल्यातली आहे, बौद्ध. तिला सरपंच निवडलं त्या सभेची अध्यासी अधिकारी मी होते, म्हणजे सभा चालवणारी, अर्ज तपासणारी, निकाल वाचून दाखवणारी. आणि त्या दिवशी सभेला येताना तिच्या तळहातांना हळद होती.

ते तुम्हाला सांगायचं तर आधी तुमच्याच दिवसापासून सुरुवात करावी लागते. त्या दिवसाविषयी आपण दोघं कधी नीट बोललो नाही. एकदाच बोलले मी, आणि नको ते बोलले.

आपलं गाव वाटूर फाट्यापासून आत, परतूर तालुक्यातलं. गावातली निम्मी पक्की घरं तुमच्या हातची होती. खंडोबाच्या देवळाची बाहेरची भिंतसुद्धा तुम्हीच बांधली, बाहेर उभं राहून. आतल्या गिलाव्याला मात्र दुसऱ्या गावचा गवंडी आणला होता. त्याच्या गिलाव्याला तुम्ही जन्मभर नावं ठेवलीत. ‘रंधा फिरवलाय का वखर’ म्हणायचात आणि माय हसायची. तुम्ही तो गिलावा रस्त्यावरून, उघड्या दारातून जेवढा दिसेल तेवढाच पाहिलेला होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. विहारात दर रविवारी वंदना तुम्ही घ्यायचात. धम्मचक्राच्या दिवशी बावीस प्रतिज्ञा तुम्ही मोठ्याने म्हणायचात आणि सगळी वस्ती तुमच्या मागून म्हणायची. देवदेवतांना मानणार नाही, तिथे आलात की तुमचा आवाज जरा चढायचा, आणि आम्ही पोरंसोरं मुद्दाम तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचो.

त्या खेपेला सरपंचपद आपल्यासाठी राखीव निघालं. तुम्ही उभे राहिलात ते पदाच्या हौसेने नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. तुम्हाला एक जागा हवी होती. गावाला मसणवटा होता, पत्र्याच्या शेडसकट. आपल्या वस्तीला ओढ्याचा काठ. थोरली काकू भर श्रावणात गेली, तेव्हा मी नववीत होते. लाकडं भिजलेली, पाऊस थांबेना, रॉकेलचे डबे संपले तरी सरण धरेना. तिसऱ्या दिवशी तुम्ही आणि काका परत ओढ्यावर गेलात आणि जे राहिलं होतं ते पुरून आलात. माय तांब्याने पाणी ओतत राहिली आणि तुम्ही दगडावर बसून हात धूत राहिलात, साबण संपेपर्यंत. रस्त्याच्या कडेला गायरान होतं. त्यातले दहा गुंठे वस्तीच्या मसणवट्याला मिळावेत, एवढंच तुमचं मागणं. त्या गायरानात ज्याने कापूस लावला होता, तो गावातल्या मोठ्या पॅनलच्या प्रमुखाचा चुलतभाऊ. प्रमुख आपल्या दारात येऊन म्हणाला होता, "मिस्तरी, तुम्ही फक्त आमच्याकडून उभे राहा. झाल्या झाल्या पयला ठराव तुमच्या जागेचा." निवडणूक लागल्यापासून ‘अरे मिस्तरी’चं ‘अहो मिस्तरी’ झालं होतं.

नऊ सदस्य. तुमच्या पॅनलचे पाच, समोरच्यांचे चार. एकाने जरी उडी मारली तरी खेळ खलास. म्हणून सरपंच निवडायच्या दिवशी पॅनलने पाचही जणांना सकाळीच एकत्र केलं होतं. तुम्ही घाईत जातीचा दाखला घरीच विसरलात. अर्जाला तो लागणार होता. मायने मला पिटाळलं. मी ग्रामपंचायतीवर गेले तर तिथे कुणी नाही. शिपाई म्हणाला, सगळे खंडोबाला गेल्ते, अजून आले न्हाई.

मी सोळा वर्षांची आहे. देवळाच्या पायऱ्यांखाली चपलांचा ढीग आहे, त्यात तुमची टायरची चप्पल सगळ्यांत कडेला काढलेली. ज्या पायऱ्यांवर वस्तीतल्या कुणाला कधी चढू दिलं नाही, त्या पायऱ्यांवरून तुम्हाला हाताला धरून वर नेलं आहे. तुम्ही सभामंडपात उभे आहात, इतर चौघांपासून हातभर लांब, आणि मान वर करून गिलावा बघताय. मी खालून हाक मारते. प्रमुख खाली येतो, माझ्या हातातला दाखला घेतो, उलगडून वाचतो आणि हसतो. तो तुमचा जुना दाखला होता, आबा. बौद्ध लिहिलं की काही सवलती जायच्या, असा एक काळ होता, म्हणून आपल्यातल्या कित्येकांनी कागदावर जुनाच धर्म राहू दिला. घरात एक, कागदावर एक. तुम्ही तो बदलून घ्यायचं आज करू, उद्या करू म्हणत राहिलात.

"हे बघा," प्रमुख वर जाऊन सगळ्यांना दाखवतो. "हिंदू. सरकारचा शिक्का हाये. सरकारला चालून राह्यलं, कागदाला चालून राह्यलं, मंग बेलभंडाराला हात लावायला मिस्तरीला काय अडचण?"

तुम्ही म्हणालात, "मी मानत न्हाई, हे तुम्हाला म्हाईत हाये."

"तुम्ही माना का नका मानू. आम्ही मानतो ना. आमच्या मनाला शांती. बाकी चौघांनी उचलला, तुम्ही एकटे राह्यले. न्हाई उचलला तर मंग बिलकुल नाव कट. आरक्षित माणूस आम्हाला दुसरा बी भेटतो."

हातात बेलाचं पान आणि देवाची हळद घ्यायची आणि बोलायचं की पॅनलच्या शब्दाबाहेर जाणार नाही, गेलो तर खंडोबा बघून घेईल. एवढंच असतं बेलभंडार उचलणं. तुम्ही पायऱ्यांकडे पाहिलंत. मी तिथे उभी होते. मला अजून वाटतं की मी तो कागद घेऊन धावत आले नसते, तर तुम्हाला न्हाई म्हणायला एक निमित्त तरी उरलं असतं. मग तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत. पुजाऱ्याने तुमच्या हाताला हात न लागू देता वरून हळद टाकली. तुम्ही गेल्यावर त्याने सभामंडप धुतला असं गावात म्हणत. मी पाहिलं नाही, म्हणून ते खरंच झालं असं मी म्हणणार नाही.

दुपारी तुम्ही सरपंच होऊन, गुलालाने माखून घरी आलात. गुलालाखाली हळद कुणाला दिसत नव्हती, पण मला दिसत होती. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्या देखत तुम्हाला विचारलं, उचलला ना? तुम्ही पाट ओढून बसलात आणि म्हणालात, "बेल म्हंजे काय? पाला. भंडार म्हंजे काय? हळद. मी पाला अन् हळद उचलली. ती तर तुझी माय रोज उचलती." माय वर न बघता म्हणाली, "उचलली ते बराबर केलं. ओढ्यावर किती जणांला अर्धं जाळायचं अजून?" मी जेवले नाही. तुम्ही मात्र जेवलात, नेहमीपेक्षा एक भाकरी जास्तच. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता माझ्या लक्षात येतं की माणूस कधी कधी बोलावं लागू नये म्हणूनही जेवत राहतो.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेचं पुस्तक दुसऱ्याच्या हातात होतं. तुम्हाला कुणी नको म्हटलं नाही, कुणी भांडलं नाही. फक्त पुस्तक दुसऱ्याकडे दिलं. तुम्ही मागे, चपलांजवळ बसलात आणि सगळ्यांबरोबर म्हणत राहिलात.

ठराव मात्र पहिल्याच सभेत झाला, हे कबूल करायला हवं. मोजणीचा अर्ज गेला, पैसे भरले गेले, आणि उन्हाळा सरताना परतूरहून मोजणीवाला साखळी घेऊन आला. तुम्ही खुंट्या तासून तयार ठेवल्या होत्या. वस्तीतली म्हातारी माणसं सकाळपासून गायरानाच्या कडेला बसली होती, जणू कुणाचं लग्न आहे. प्रमुख मोटरसायकलवर आला. तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्तरी, भावानं सरकी आणून ठेवलीय, रान तयार केलंय. यंदाच्या साली राहू द्या. पुढच्या साली बघू."

"ठराव झाल्ता," तुम्ही म्हणालात.

"ठराव झाला, बराबर हाये. पण पॅनलच्या शब्दाबाहेर जाणार न्हाई, हे बी तुम्हीच बोलल्ते. कुठं बोलल्ते ते सांगू का?"

तुम्ही मोजणीवाल्याला चहा पाजलात आणि परत पाठवलंत. त्याने साखळी पिशवीत भरली. म्हातारी माणसं उठली आणि एकेक करून आपल्या घरी गेली. तुमच्याशी कुणी बोललं नाही, आणि मला वाटतं त्या दिवसापासून तुम्हीही कुणाच्या दारात बसायला गेला नाहीत. पुढच्या सालीही तेच झालं. सरपंच होऊनही तुम्ही थापी सोडली नव्हती. सकाळी ग्रामपंचायत, दुपारून भिंत.

तिसऱ्या वर्षी पॅनल फुटलं. आपल्याच बाजूचे दोघं समोरच्यांना जाऊन मिळाले. तुम्ही शाळेच्या कंपाउंडचं काम करत होतात, मी जालन्याहून कॉलेजच्या सुट्टीला आले होते आणि तुमची भाकरी घेऊन तिथे आले होते. ते दोघं तिथे आले, विटांच्या ढिगावर बसले. भली माणसं होती, त्यांचं मला वाईट म्हणायचं नाही. त्यातला थोरला म्हणाला, "मिस्तरी, आम्ही शपथ उतरवून आलो. पुजाऱ्यानं नारळ फोडला, भंडार परत देवाच्या पायावर टाकला, झालो मोकळे. तुम्ही बी चला जल्दी. पाच मिनटाचं काम हाये. सरपंच तुम्हीच राहता, अन् जागा पुढच्या म्हयन्यात मोजून देतो. आमची जबान."

तुम्ही ओळंबा धरून भिंत बघत होतात. तो स्थिर होऊ दिलात. मग म्हणालात, "तुमचा देव हाये, तो तुम्हाला सोडतो. मला कोण सोडणार?"

"अहो, पण तुम्ही तर मानतच न्हाई म्हणता!"

"म्हणून तर. मी देवाला शब्द दिलाच न्हाई, माणसाला दिला. तो माणूस सोडत न्हाई तवर उतरवायचा कुणापाशी?"

त्यांना खरोखर कळलं नाही. मला कळलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांचा देव त्यांनी नारळावर मिटवून टाकलं, आणि ज्याच्या लेखी तो पाला होता, तो त्या पाल्याला बांधलेला. मला वाटलं तुमच्या हातातली थापी हिसकून ओढ्यात फेकावी. इतका शहाणपणा करून शेवटी त्यांच्यापेक्षाही पक्के भाविक निघालात तुम्ही, असं मनात म्हणत मी डबा तिथेच ठेवून घरी आले.

नऊपैकी सहा जण एक झाले, अविश्वास मंजूर झाला, तुम्ही घरी बसलात. तुमच्या जागी वस्तीतलाच दुसरा सदस्य सरपंच झाला. त्यानेही भंडार उचलला होता, समोरच्यांचा. जागा त्याच्याही काळात मोजली गेली नाही. त्या दोघांची जबान किती खरी होती, ते त्यावरून कळलंच. मंडळ अधिकारी झाल्यावर असली अतिक्रमणं मी इतकी पाहिली आहेत की आज मी पैजेवर सांगेन, तुम्ही शपथ उतरवायला गेला असतात तरी ती मोजणी झाली नसती. पण हे आजचं ज्ञान आहे, आणि त्याच वर्षीच्या श्रावणात ते माझ्याजवळ नव्हतं.

त्या श्रावणात माय गेली. चार दिवसांचा ताप. जालन्याला न्यायला जीप ठरवली आणि ती येईपर्यंत संपलं. पाऊस लागलेला. ओढ्याला पाणी, काठ निसरडा. तुम्ही स्वयंपाकघरावरचे दोन पत्रे उचकटून काढलेत, गवंड्याच्या हाताने, एकही खिळा न वाकवता. चौघांनी ते सरणावर धरले. खालून जाळ, वरून पाऊस, धरणाऱ्यांचे हात भाजायचे, मग दुसरे यायचे. ज्यांनी तुमच्याकडून वंदनेचं पुस्तक काढून घेतलं होतं, त्यांनीही पत्रा धरला. तुम्ही एकदाही कुणाला पत्रा दिला नाहीत, शेवटपर्यंत एक कोपरा तुमच्याच हातात. आणि मी सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, "हळदीला बांधून राह्यलात, मायला न्हाई."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. पत्रा थोडा कलला, तुम्ही तो पुन्हा सरळ केलात. बाकी काही झालं नाही. माय जळाली, पूर्ण जळाली, एवढं समाधान.

त्यानंतर तुम्ही दहा वर्षं जगलात आणि आपण एकमेकांशी चांगले वागलो. मी तलाठी म्हणून भोकरदनला रुजू झाले तेव्हा तुम्ही दोन एसट्या बदलून आलात, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि एक नवी कोरी छत्री घेऊन. माझ्या टेबलासमोर बसलात, सातबाऱ्याचं रजिस्टर उघडायला सांगितलंत, आणि पानांवरून बोट फिरवलंत. वाचत नव्हतात, नुसतं बोट फिरवत होतात. जाताना म्हणालात, "कुणाच्या शब्दात जाऊ नको. एकदा हो म्हणलं की मंग सुटका न्हाई." मी म्हटलं, हो आबा, बस चुकेल. तेव्हा माफी मागता आली असती. ऑफिसात कुणी नव्हतं, दुपार होती, तुम्ही दारात छत्री उघडून, ती नीट उघडते का ते मला दाखवत होतात. मी बसचं वेळापत्रक सांगितलं. शेवटी दवाखान्यासाठी तुम्हाला जालन्याला आणलं आणि तिथेच तुम्ही गेलात. शहरातल्या स्मशानात, शेडखाली, कोरड्या लाकडांवर. लोक म्हणाले, सगळं कसं व्यवस्थित झालं. मला ते ऐकवत नव्हतं.

आता ती मुलगी.

तुम्हाला माहीत आहे, सरपंच कधी थेट जनतेतून, कधी सदस्यांतून, असा कायदा इकडचा तिकडे होत असतो. तिच्या वेळी सदस्यांतून होता. बाईसाठी राखीव, आपल्या प्रवर्गातल्या. सकाळी मी शाळेच्या खोलीत खुर्ची टाकून अर्ज घ्यायला बसले. अर्जासोबत काय काय लागतं ते मला पाठ आहे. वय, जातीचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, मुलं किती, इतकंच काय, घरात शौचालय आहे का तेही विचारतात. देव कुठला, हे विचारत नाहीत. तो रकानाच नाही. त्या नियमांच्या पुस्तकाचा मला अभिमान वाटायचा, आबा, खोटं कशाला बोलू. मग एक जीप आली. पॅनलचे सगळे सदस्य एकत्र उतरले, कुठल्याशा देवस्थानाची सहल करून, कपाळं पिवळी. त्यात ती. चोवीस-पंचवीसची, औषधांच्या दुकानात काम केलेली, बोलायला चटपटीत. दाखल्यावर स्वच्छ ‘बौद्ध’ लिहिलेलं. कपाळ तिने पुसलं होतं, पण हात राहिले होते. सही करताना अर्जाच्या कोपऱ्यावर बोटाचा पिवळा ठसा उमटला. नियमाप्रमाणे अर्जावर खाडाखोड नसावी, ठशाविषयी नियम नाही. मी अर्ज वैध ठरवला.

एकच अर्ज आला होता. सभा दोन वाजता. मधल्या वेळात बाकीचे जेवायला गेले आणि ती एकटी परत आली. म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? हे देवळात नेऊन हातात देतात ना, ते कायद्यात हाये का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग ते मोडलं तर चालतं का?" ती तळहाताकडे बघत होती. "आम्ही बौद्ध हावोत. घरी सांगितलं न्हाई मी. बाबांना वाटून राह्यलं, मी सहलीला गेल्ते. मॅडम, तुम्ही इतक्या सभा घेतल्या असतील. अशा बाया पुढं काय करतात?"

तेवढ्यात पॅनलचा माणूस दारात येऊन उभा राहिला. मी फाईल उघडली आणि म्हणाले, "वेळ होत आली. हात धुऊन घ्या." तिने बाहेरच्या नळावर हात धुतले. दोन वाजता मी तिला बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर केलं आणि इतिवृत्तात लिहिलं, सभा शांततेत पार पडली, कुणाचीही तक्रार नाही. त्यातला शब्द न् शब्द नियमात बसतो.

आज नोटीस वाचल्यावर मी तलाठ्याला फोन लावला. काय झालं रे तिकडे? तो म्हणाला, पॅनलने सांगितलेल्या कुठल्याशा ठरावावर बाईने सही केली नाही. "मॅडम, गावात म्हणून राह्यले की बाईनं देवाचा शब्द मोडला, आता गावावर कोप होईल. तिच्या घरच्यांला दुकानावर सामान देऊ नका, असं बी चाललंय." म्हणजे तिने मोडला, आबा. तुम्हाला जे जमलं नाही ते तिने केलं, विचारूनही कुणी काही न सांगता. मला आधी आनंद झाला, इतका की उठून उभी राहिले. मग तिची भीती वाटली. सभेच्या दिवशी तिच्या बाजूने किती हात वर होतील ते मला आजच ठाऊक आहे. आणि मग तुमचा राग आला, तोच जुना, आणि तो आल्या आल्या तुम्ही पत्र्याचा कोपरा धरून उभे दिसलात आणि मला रडू आलं. माझ्या लेखी तुम्ही चुकलात. आजही चुकलात. पण तुमच्याइतका दिलेल्या शब्दाला धरून राहणारा माणूस मी नोकरीच्या इतक्या वर्षांत दुसरा पाहिला नाही, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र राहत नाहीत.

हे पत्र कुठल्याही पेटीत पडायचं नाही, तेव्हा एक गोष्ट दुरुस्त करते. वर लिहिलं की पॅनलचा माणूस दारात येऊन उभा राहिला. ते खोटं आहे. सगळे अजून जेवत होते. घड्याळात सव्वा झाला होता, सभा दोनला होती. पाऊण तास होता माझ्याजवळ, खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि तिने अगदी सरळ विचारलं होतं की अशा बाया पुढे काय करतात. बायांचं नसेल, पण एका माणसाचं मी तिला सांगू शकले असते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दारात कुणी नव्हतं, आबा. माझ्या बापाने भंडार उचलला होता, हे मला तिला कळू द्यायचं नव्हतं.